टॅबलेटवर वाचन आणि नोंदी: ॲप निवडण्याआधी तुमच्या खुणा कुठे साठतात ते पाहा

पीएचडीचं पहिलं वर्ष आहे, पेनसकट टॅबलेट घेतला आहे. शोधनिबंध वाचून त्यांवर खुणा करायच्या आहेत, व्याख्यानांच्या नोंदी घ्यायच्या आहेत, आणि प्रबंध लिहायला बसाल तेव्हा हे सगळं संगणकावर हाताशी हवं आहे. या सगळ्याला एकच ॲप पुरेल का, कोणतं घ्यावं आणि त्यासाठी पैसे मोजावेत का, असं तुम्ही विचारलंत.

संशोधक विद्यार्थ्यांना ही जुळवाजुळव करून देणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून आधी उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो. वाचनाला एक ॲप ठेवा आणि वहीला दुसरं. वाचनासाठी झोटेरो हे निबंध आणि संदर्भ सांभाळणारं ॲप घ्या. व्याख्यानांसाठी आयपॅड असेल तर गुडनोट्स किंवा नोटॅबिलिटी, आणि सॅमसंगचा टॅबलेट असेल तर त्यात आधीपासून असलेलं सॅमसंग नोट्स पुरेसं आहे. ही नावं पाच वर्षांनी कदाचित वेगळी असतील. पण ॲप कोणतंही असो, त्याला विचारायचा प्रश्न तोच राहील: मी केलेली खूण नेमकी कुठे साठते, आणि तिथून ती मला शोधता येईल, उचलता येईल अशा मजकुराच्या रूपात बाहेर काढता येते का?

हा प्रश्न मी इतका धरून का बसतो ते सांगतो. पीडीएफ हा प्रकार ॲडोबीने १९९३ मध्ये आणला आणि २००८ मध्ये तो आयएसओ ३२००० या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्या मानकातच खुणांची सोय आहे. अधोरेखित केलेली ओळ, चिकटवलेली टीप, हाताने ओढलेली रेघ, यातल्या प्रत्येक खुणेची फाईलमध्ये स्वतंत्र नोंद होते: पान कोणतं, पानावरची जागा कोणती, रंग कोणता, सोबतचा मजकूर काय. म्हणून अशी खूण ॲडोबी ॲक्रोबॅट रीडरमध्ये केली तरी पीडीएफ एक्स्पर्टमध्ये, झोडोमध्ये किंवा लिनक्सवरच्या ओक्युलरमध्ये दिसते, आणि तिथे ती पुसताही येते. खूण फाईलसोबत फिरते. उद्या ॲप बदललं तरी तुमचं काही जात नाही.

गुडनोट्स, नोटॅबिलिटी, सॅमसंग नोट्स ही मुळात वहीची ॲप्स आहेत. त्यांत पीडीएफ उघडली की ती फाईलची आपली वेगळी प्रत करून घेतात आणि तुमचं लिखाण स्वतःच्या साठ्यात ठेवतात. मूळ फाईल होती तशीच कोरी राहते. बाहेर काढताना नवी पीडीएफ तयार होते. तीत तुमच्या रेघा बहुतेक वेळा पानात मुरलेल्या असतात, म्हणजे डोळ्यांना दिसतात पण वेगळ्या काढता येत नाहीत. वननोटची तऱ्हा आणखी निराळी. तिथे पीडीएफचं प्रत्येक पान चित्र म्हणून अमर्याद कागदावर चिकटतं आणि तुम्ही त्या चित्रावर लिहिता. चित्र चुकून हललं की लिखाण एकीकडे आणि ओळ दुसरीकडे. चित्र पार्श्वभूमीत पक्कं करता येतं, पण ते दर वेळी लक्षात ठेवून करावं लागतं. मोकळ्या नोंदींसाठी वननोट उत्तम आहे, फुकट आहे, जवळपास सगळ्या उपकरणांवर चालतं. निबंधवाचनासाठी मी ते कुणाला सुचवत नाही.

झोटेरोची पद्धत मानक खुणा आणि वहीची ॲप्स यांच्या मधली. खुणा पीडीएफमध्ये जात नाहीत, झोटेरोच्या माहितीसाठ्यात जातात. पण हव्या तेव्हा खुणांसकट पीडीएफ बाहेर काढता येते, आणि त्या वेळी त्या मानकाप्रमाणे खऱ्या खुणा म्हणून फाईलमध्ये उतरतात.

कोणत्याही ॲपच्या जाहिरातीवर विश्वास ठेवण्यापेक्षा एक छोटी परीक्षा घ्या. दोन रकान्यांत छापलेला एक निबंध घ्या. एका रकान्यातल्या दोन-तीन ओळी अधोरेखित करा. एका शब्दाला टीप जोडा. समासात पेनाने चार शब्द लिहा. एखाद्या आकृतीभोवती चौकट काढा. मग फाईल बाहेर काढा आणि संगणकावर पीडीएफ वाचायच्या दुसऱ्याच कुठल्यातरी ॲपमध्ये उघडा. बाजूच्या पट्टीत खुणांची यादी दिसते का? अधोरेखित ओळीवर क्लिक केलं की ती निवडली जाते का? टिपेतला मजकूर कॉपी होतो का? आता अधोरेखित ओळी नीट वाचा. डाव्या रकान्यातली ओळ निवडताना ॲपने शेजारच्या रकान्यातलेही शब्द ओढून आणले असतील, तर शेकडो निबंधांनंतर त्या उताऱ्यांचा काही उपयोग होणार नाही. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द तुटलेलेच आले का, तेही बघून ठेवा. वहीच्या ॲपमधला हायलायटर अनेकदा फक्त अर्धपारदर्शक शाई असतो. तो ओळीवर रंग फासतो, पण त्याखाली कोणता मजकूर आहे याची त्याला कल्पना नसते. दिसायला दोन्ही पिवळेच, म्हणून हा फरक टॅबलेटवर कळत नाही. तो कळतो संगणकावर, प्रकरण लिहिताना.

परीक्षेत नापास झालेलं ॲप वाईट असतं असं नाही. त्याला दुसरं काम द्या, एवढंच.

बाहेर पडायचा रस्ता आधी का पाहायचा, याची सार्वजनिक उदाहरणं आहेत. मेंडेली या संदर्भ सांभाळणाऱ्या ॲपने मार्च २०२१ मध्ये आपली मोबाईल ॲप्स बंद केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नोटॅबिलिटी एकदाच्या खरेदीवरून वार्षिक वर्गणीकडे वळलं. आधी पैसे भरलेल्या लोकांनी आवाज उठवला, तेव्हा कंपनीने त्यांच्या जुन्या सोयी कायम ठेवल्या. कंपन्यांना असे निर्णय घ्यावे लागतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पीएचडी चार-पाच वर्षं चालते आणि तेवढ्या काळात एखादं तरी ॲप तुमच्या हाताखालून बदलणार, हे धरूनच चालायला हवं.

आता झोटेरोच का, ते. मार्च २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून त्यात स्वतःचा पीडीएफ वाचक आहे. आयपॅडवर त्याचं ॲप आहे, अँड्रॉइडवरही मिळतं. ॲप मोफत आणि मुक्त स्रोत आहे. टॅबलेटवर अधोरेखित केलं, टीप लिहिली, आकृतीभोवती चौकोन ओढून ती चित्र म्हणून उचलली, की हे सगळं संगणकावर येतं. तिथे त्या निबंधावर उजवी क्लिक करून खुणांवरून नोंद तयार करायला सांगितलं की सगळी अधोरेखितं एका नोंदीत ओळीने येतात. प्रत्येकापुढे लेखक, वर्ष, पान क्रमांक असतो आणि तिथून एका क्लिकवर मूळ पानावर जाता येतं. ती नोंद वर्डमध्ये घातली तर संदर्भही जिवंत राहतात, म्हणजे संदर्भसूची आपोआप तयार होते. ‘हे वाक्य मी कुठे वाचलं होतं?’ या प्रश्नात प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यांत लोकांचे दिवसच्या दिवस जाताना मी पाहतो. तो वेळ या एका सोयीने वाचतो, आणि वाचनाचं ॲप निवडताना माझ्या लेखी याहून मोठा निकष नाही.

त्याच्या मर्यादाही आहेत. मोफत साठा ३०० एमबीचा. एक निबंध दीड-दोन एमबीचा धरला तर दीड-दोनशे निबंधांत तो भरतो. त्यानंतर वर्गणी भरा, किंवा फाईल्स वेबडॅव्ह (इंटरनेटवरून फाईल्स ठेवण्या-उघडण्याची एक पद्धत) चालणाऱ्या सर्व्हरवर ठेवा. विद्यापीठाकडे असा सर्व्हर असतो का, ते संगणक विभागाला विचारा. खुणांना आणि संदर्भांना मात्र ही मर्यादा लागू नाही, ती फक्त जोडलेल्या फाईल्सना आहे. दुसरं, पेनाने लिहिण्याची सोय आहे पण ती जेमतेम. समीकरणांची पानंच्या पानं सोडवायची असतील तर तिथे करू नका. तिसरं, मार्गदर्शकांना खुणांसकट फाईल पाठवायची असेल तर ती आठवणीने बाहेर काढून पाठवा. नाहीतर त्यांना कोरा निबंध मिळेल.

झोटेरो नको असेल, किंवा मार्गदर्शक आणि तुम्ही एकाच फाईलवर आलटून पालटून खुणा करत असाल, तर मानक खुणा करणारं एखादं ॲप आणि क्लाउडवरचं एक फोल्डर हा मार्ग घ्या. आयपॅडवर पीडीएफ एक्स्पर्ट मला सगळ्यांत सुबक वाटतं. अँड्रॉइडवर झोडो किंवा ॲक्रोबॅट रीडर घ्या. यात एक खाच आहे, ती जरा नीट सांगतो. क्लाउडमधली फाईल ॲपमध्ये दोन प्रकारे उघडते. एका प्रकारात ॲप जागच्या जागी तीच फाईल उघडतं आणि तुमच्या खुणा तिथेच साठतात. दुसऱ्यात ॲप आपल्याकडे प्रत करून घेतं आणि खुणा त्या प्रतीत राहतात. ‘शेअर’ करून फाईल पाठवली की बहुधा हा दुसरा प्रकार होतो. मग टॅबलेटवर खुणांनी भरलेली एक फाईल आणि संगणकावर कोरी दुसरी. त्यामुळे फाईल नेहमी ॲपच्या आतून, क्लाउडच्या फोल्डरमध्ये जाऊन उघडा. पहिल्याच दिवशी एक खूण करून ती संगणकावर पोहोचली का ते पाहा. आणि एकच फाईल दोन्हीकडे एकाच वेळी उघडी ठेवू नका, नाहीतर क्लाउड तिच्या दोन प्रती करतो आणि कोणत्या प्रतीत कोणती खूण आहे ते तुम्हाला शोधत बसावं लागतं.

स्कॅन केलेल्या जुन्या कागदपत्रांचं काय? स्कॅन हा पानाचा फोटो असतो. त्याखाली मजकुराचा थर नसेल तर अधोरेखन ओळीला पकडणारच नाही. म्हणून वाचायला घेण्याआधी संगणकावर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, उरकून घ्या. टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठीही ओळखतं, आणि ओसीआरमायपीडीएफ त्याच्याच आधारे पीडीएफमध्ये मजकुराचा थर घालून देतं. छपाई स्वच्छ असेल तर निकाल चांगला येतो. शाई पसरलेली किंवा पान वाकडं असेल तर चुका राहतात, त्या गृहीत धराव्या लागतात.

मराठी साहित्य वाचणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत बसवलेली पीडीएफ पडद्यावर व्यवस्थित मराठी दिसते, पण ओळ कॉपी केली की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी हाती येते. युनिकोडमधल्या पीडीएफमध्येही ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाणं, जोडाक्षरं फुटणं हे सर्रास होतं. हा दोष फाईलचा असतो, म्हणून ॲप बदलून फरक पडत नाही. अशी फाईल आली की पानांची चित्रं करून त्यावर नव्याने ओसीआर चालवणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. तेवढा खटाटोप करायचा नसेल तर ओळ अधोरेखित करा आणि टिपेत महत्त्वाचे दोन-तीन शब्द स्वतः टंकून ठेवा. पुढे शोध घेताना ते शब्द सापडतात.

लिक्विडटेक्स्ट आणि मार्जिननोट ही दोन ॲप्स वेगळ्या कामाची आहेत. लिक्विडटेक्स्टमध्ये एका बाजूला निबंध आणि दुसऱ्या बाजूला मोकळी जागा असते. निबंधातला उतारा ओढून तिकडे ठेवायचा, दुसऱ्या निबंधातला त्याच्याशेजारी, आणि दोघांमध्ये रेघ ओढायची. रेघेवर बोट ठेवलं की मूळ जागा उघडते. मार्जिननोट उताऱ्यांचा मनोनकाशा आणि पाठांतराची कार्डं बनवून देतं. पाच-सहा परस्परविरोधी निबंध समोर ठेवून एखाद्या मुद्द्याचा पीळ सोडवायचा असेल, किंवा लांबलचक कायदेशीर दस्तऐवज उलगडायचा असेल, तर लिक्विडटेक्स्टइतकं चांगलं साधन मी पाहिलेलं नाही. पण ते रोजच्या वाचनाचं घर करू नका. एवढी मांडामांड प्रत्येक निबंधाला परवडत नाही, आणि ती जोडणी दुसऱ्या ॲपमध्ये जशीच्या तशी नेता येत नाही.

व्याख्यानांच्या नोंदींकडे वळतो. इथे निकष पार बदलतात. वर्गात हात थांबता कामा नये, म्हणून पेन टेकवल्यावर शाई किती पटकन उमटते, तळहात टेकला तर नको त्या रेघा उठतात का, आणि पान संपल्यावर पुढचं पान कसं येतं, हे बघा. हे वाचून ठरत नाही, तुमच्याच टॅबलेटवर अर्धा तास लिहून ठरतं. पेनाच्या दाबसंवेदनेची फार चिंता करू नका. ती चित्रकाराला लागते, नोंदींना तिच्यावाचून काही अडत नाही. नक्षीदार साच्यांच्या आणि चिकटचित्रांच्या मोठमोठ्या संग्रहांवरून तर ॲप मुळीच निवडू नका. रेघांचं एक पान आणि चौकटींचं एक पान पुरतं.

एका सोयीसाठी मात्र ॲप बदलावं, इतकी ती मोलाची आहे: लिखाणाशी जोडलेलं ध्वनिमुद्रण. नोटॅबिलिटी यासाठीच नावाजलं गेलं, आता गुडनोट्स आणि सॅमसंग नोट्समध्येही ती आहे. व्याख्यान चालू असताना तुम्ही ‘येथे गृहीतक २ का?’ एवढंच लिहिता. संध्याकाळी त्या शब्दावर बोट टेकवलं की तो लिहीत असताना व्याख्याते जे बोलत होते ते ऐकू येतं. त्यामुळे वर्गात शब्द न् शब्द उतरवायची धडपड करावी लागत नाही, मान वर करून ऐकता येतं. मुद्रणासाठी व्याख्यात्यांची परवानगी आधी घ्या, आणि चर्चासत्रात सहभागी इतरांनाही सांगा. व्याख्यानाच्या स्लाइड्स आधी मिळत असतील तर त्या याच वहीत घ्या आणि त्यांच्यावरच लिहा. त्यांचे उतारे तुम्हाला पुढे काढायचे नसतात, त्यामुळे खुणा पानात मुरल्या तरी बिघडत नाही.

हस्ताक्षरात शोधायची सोय इंग्रजी लिखाणासाठी चांगली चालते. तुमच्या देवनागरी हस्ताक्षरासाठी ती चालेल असं गृहीत धरू नका. पाच-सहा ओळी लिहून शोधून पाहा, आणि नाही सापडलं तर प्रत्येक नोंदीचं शीर्षक टंकून देण्याची सवय लावा: तारीख, विषय, दोन कळीचे शब्द. निम्मा शोध त्यातच भागतो. ॲपमध्ये आपोआप बॅकअपची सोय असेल तर ती पहिल्याच आठवड्यात चालू करा, आणि बॅकअप ॲपच्या स्वतःच्या फाईलप्रकाराबरोबर पीडीएफमध्येही घ्या. ॲपची फाईल त्या ॲपशिवाय उघडत नाही.

पडद्याचा आकारही ॲपच्या निवडीत डोकावतो. ए४ पानाचा कर्ण १४ इंचांहून जरा जास्त असतो. ११ इंची टॅबलेटवर पूर्ण पान बसवलं की ते मूळ आकाराच्या साधारण ७० ते ७५ टक्के दिसतं, म्हणजे १० पॉइंटचा छापील मजकूर ७-साडेसात पॉइंटचा होतो. तासभर वाचायला ते त्रासाचं आहे. म्हणून ११ इंची टॅबलेटवर समास कापून पान मोठं करणारं ॲप शोधा, किंवा टॅबलेट आडवा धरून अर्धं अर्धं पान वाचा. एका बाजूला निबंध आणि दुसऱ्या बाजूला वही अशी विभागणी १३ इंची पडद्यावर जमते. ११ इंचीवर दोन्ही बाजू अरुंद होतात आणि दोन दिवसांत माणूस तिचा नाद सोडतो.

आता खुणांबद्दल, कारण ॲप कितीही चांगलं असलं तरी पान पिवळं करून निबंध डोक्यात शिरत नाही. अभ्यासाच्या पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासून जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक आढावा प्रसिद्ध केला. त्यात अधोरेखनाला कमी उपयोगाच्या पद्धतींत जागा मिळाली, आणि स्वतःची परीक्षा घेत राहणं सर्वांत उपयोगी पद्धतींत आलं. म्हणून मी सांगतो की प्रत्येक अधोरेखिताला स्वतःच्या शब्दांत एक ओळ जोडा: हे मला का हवं, कोणत्या प्रकरणात हवं, मला पटतं की नाही. ते जमत नसेल तर ओळ अधोरेखित करायची गरजच नव्हती. ॲप निवडतानाही याच नजरेने पाहा. टीप लिहायला किती वेळा बोट टेकवावं लागतं? टीप उघडली की खालचा मजकूर झाकला जातो का? ही कटकट रोज पन्नास वेळा होणार असेल तर तुम्ही टीप लिहिणं सोडाल आणि नुसता रंग फासत जाल. रंग तीनच ठेवा: मुख्य दावा, पुरावा किंवा पद्धत, आणि मला शंका आहे. तिसऱ्या रंगाच्या खुणा एकत्र वाचल्या की साहित्याच्या आढाव्याचा कच्चा आराखडा समोर येतो.

गोपनीयतेचं एक सांगायला हवं. मुलाखतींच्या लिखित प्रती, समीक्षेसाठी आलेली अप्रकाशित हस्तलिखितं, सहभागींची नावं असलेले तक्ते, हे कोणत्याही ॲपच्या क्लाउडमध्ये जाण्याआधी नैतिक समितीला दिलेलं संमतिपत्र काढून वाचा. सारांश करून देणाऱ्या, प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या नव्या सोयी अनेक ॲप्समध्ये आल्या आहेत आणि त्यासाठी मजकूर बहुधा त्यांच्या सर्व्हरवर पाठवला जातो. अशा फाईल्ससाठी सिंक बंद ठेवलेलं, फक्त टॅबलेटवर साठवणारं ॲप वेगळं ठेवा.

राहिला पैशांचा प्रश्न. वाचनाच्या बाजूला पैसे द्यायची वेळ आली तर ती साठ्यासाठी येईल, आणि तोवर तुमची पद्धत बसलेली असेल. वहीच्या ॲपचं आधी मोफत रूप वापरा. त्याची मर्यादा खरोखर आड आली की महिन्याची वर्गणी मिळत असेल तर ती घ्या, आणि पूर्ण सत्र त्यावर काढल्याशिवाय वर्षाचे किंवा कायमचे पैसे भरू नका. पैसे भरायच्या आधी त्या सत्राची एक वही पीडीएफ म्हणून बाहेर काढा आणि संगणकावर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटून बघा. रेघा स्पष्ट आहेत, पानांचा क्रम बरोबर आहे, आणि जोडलेलं ध्वनिमुद्रणही वेगळी फाईल म्हणून मिळतं आहे, हे दिसलं तर खुशाल पैसे भरा.